वाचकांचे प्रश्न : विल्यम कॅरीचं चॅपेल कुठे गेलं?

मराठी छपाईच्या आरंभावर गेल्या अंकात लेख होता. मिशनरी विल्यम कॅरी भारतात येण्याआधी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका चॅपेलचा, म्हणजे प्रार्थनागृहाचा, पाळक होता, असं एक वाक्य त्यात आलं. त्या वाक्यावरून आलेल्या पत्रांना या महिन्याचं सदर दिलं आहे.

प्रश्न : मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. ‘पहिलं छापील मराठी व्याकरण, १८०५, विल्यम कॅरी’ हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, गणती नाही. मुलगा आता लेस्टरला दे माँटफर्ट विद्यापीठात शिकतो. त्याला म्हटलं, त्या चॅपेलचा एक फोटो काढून पाठव. चॅपेल होतं त्या हार्वी लेनच्या जागी तो गेला, तर तिथे मोठा रस्ता आणि हॉटेल. मग चॅपेल गेलं कुठे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, मुलगा बरोबर जागी पोचला, फक्त उशिरा पोचला. हार्वी लेनचं जुनं चॅपेल विसाव्या शतकात आगीत गेलं. कॅरी राहत होता ते छोटं घर बरीच वर्षं जपून ठेवलेलं होतं, तेही १९६०च्या दशकात रस्तारुंदीत पाडलं. आज तिथे सेंट निकोलस सर्कल नावाचा वर्तुळाकार रस्ता आहे. मुलाच्या विद्यापीठापासून ही जागा चालत काही मिनिटांवर आहे.

पण शोध इथे थांबवू नका. इंग्लंडमधलं बाप्टिस्ट चॅपेल शोधताना बहुतेकांची एकच चूक होते : ते वास्तू शोधतात. गावोगावची अँग्लिकन चर्चं राजमान्य. त्यांची हद्द ठरलेली, इमारत शतकानुशतकं एकाच जागी. बाप्टिस्टांचं तसं नव्हतं. त्यांच्या लेखी चर्च म्हणजे आपल्या मराठी बायबलात जो शब्द आहे तोच, मंडळी. श्रद्धा ठेवणारी माणसं एकत्र येऊन एकमेकांशी करार करतात, तो वहीत लिहून खाली सह्या करतात, की मंडळी झाली. छप्पर नंतर. जागा विश्वस्तांच्या नावावर असते, लोक वाढले किंवा वस्ती सरकली की ती विकून मंडळी दुसरीकडे जाते आणि वही सोबत नेते.

हार्वी लेनमध्ये हे फार ठळक दिसतं. कॅरी १७८९ साली तिथे आला तेव्हा मंडळीत बेबनाव होता, शिस्त मोडली होती. १७९० मध्ये त्याने मंडळीच विसर्जित केली. इमारत तीच, माणसं बरीचशी तीच, पण नवा करार लिहिला आणि तो मान्य असेल त्यानेच पुन्हा सभासद व्हावं असं ठरवलं. भिंतीला हात न लावता मंडळी नव्याने उभी राहिली. त्या चॅपेलच्या इतिहासातली आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी घटना हीच.

पुढचा माग असा. कॅरी १७९३ मध्ये भारताकडे निघाला. १८०७च्या सुमारास रॉबर्ट हॉल पाळक झाला आणि १८२६ पर्यंत होता. त्याचे उपदेश ऐकायला इतकी गर्दी होई की चॅपेल वाढवावं लागलं. १८४५ साली मंडळीने बेल्व्होअर स्ट्रीटवर नवं चॅपेल बांधलं. विसाव्या शतकात ती मंडळी चार्ल्स स्ट्रीटवरच्या बाप्टिस्ट मंडळीत मिसळली. चार्ल्स स्ट्रीटवर आज सेंट्रल बाप्टिस्ट चर्च आहे आणि कॅरीच्या आठवणींचं छोटं संग्रहालय तिथेच आहे. कॅरीची मंडळी शोधत असाल तर ती तिथे भेटेल.

मुलाला एका सकाळचा रस्ता सांगतो. लेस्टर रेल्वे स्टेशनवरून चार्ल्स स्ट्रीट जवळच आहे, आधी तिथे जावं. संग्रहालय रोज उघडं असेल असं धरू नये, आठवडाभर आधी ईमेल करून वेळ ठरवावी. किंवा रविवारच्या उपासनेला जावं, पाहुण्याचं स्वागत होतं. तिथून चालत बेल्व्होअर स्ट्रीट. रस्ता विचारताना ‘बीव्हर’ म्हणावं, स्पेलिंगप्रमाणे उच्चार केला तर समोरच्याला लवकर कळत नाही. तिथलं गोल चॅपेल उभं आहे, आता ते प्रौढ शिक्षणाच्या वर्गांकडे आहे. शेवटी न्यू वॉक या झाडांच्या पायवाटेने दे माँटफर्ट स्क्वेअरला जावं. तिथे रॉबर्ट हॉलचा पुतळा आहे.

आणि ताई, फळ्यावरच्या वाक्यात एक शब्द घालायला हवा. १७७८ मध्ये रोमला ‘ग्रामातिका मरास्ता’ हे पोर्तुगीज भाषेतलं पुस्तक छापलं गेलं होतं. म्हणून कॅरीचं १८०५चं पुस्तक ‘इंग्रजीतून लिहिलेलं पहिलं छापील मराठी व्याकरण’ असं म्हणावं.

प्रश्न : एम.ए. मराठीच्या नोट्समध्ये ‘कॅरीने श्रीरामपूरला छापखाना काढला’ असं आहे. हे नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर का? आणि कॅरी लेस्टरमध्ये असतानाच मराठी शिकला होता का?
— एक विद्यार्थिनी, होटगी रोड

उत्तर : दोन्हींचं उत्तर ‘नाही’. हे श्रीरामपूर बंगालमधलं, कोलकात्याच्या वर हुगळीच्या काठचं, इंग्रजी नकाशात सेरामपूर. तेव्हा ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं, आणि कॅरी तिथे राहण्याचं कारणही तेच. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हती. १८१३च्या सनदेनंतर ते धोरण सैल झालं. नोट्समध्ये ‘बंगालमधील’ हा शब्द लिहून ठेवा, परीक्षेत दरवर्षी कोणी ना कोणी हे गाव गोदावरीच्या खोऱ्यात नेतं.

लेस्टरमध्ये तो भाषा शिकत होता, पण लॅटिन, ग्रीक, हिब्रू यांसारख्या. मूळचा तो चांभारकाम शिकलेला. मंडळीचं मानधन पुरत नसे म्हणून शाळा चालवी. १७९० मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने आठवडा मांडला आहे : सोमवारी प्राचीन भाषा, मंगळवारी विज्ञान, इतिहास आणि लेखन, बुधवारी संध्याकाळचं प्रवचन, गुरुवारी लोकांच्या भेटी, शुक्रवार-शनिवार रविवारची तयारी. पुढे एकाच वेळी अनेक भाषांचे पंडित बसवून काम करून घेणारा माणूस याच शिस्तीतून घडला.

१७९२ साली लेस्टरलाच त्याची ८७ पानांची पुस्तिका छापली गेली. परदेशात धर्मप्रसारासाठी जाणं हे मंडळीचं कर्तव्य आहे, असं तिचं म्हणणं, आणि सोबत जगातल्या देशांची लोकसंख्या व धर्म यांचे तक्ते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी एका विधवाबाईच्या घरी बाप्टिस्ट मिशनरी संस्था स्थापन झाली. जमलेल्यांनी कबूल केलेली रक्कम १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. तेव्हा १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे सव्वातेरा पौंडांनाही थोडी कमीच.

मराठीशी गाठ पडली ती कोलकात्यात. १८०१ पासून तो फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवू लागला, मागाहून मराठीही. तिथले मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा. १८०५ला व्याकरण आणि बायबलातलं मत्तयकृत शुभवर्तमान, १८१०ला कोश, १८११ला बायबलचा ‘नवा करार’ हा भाग. कोशातले मराठी शब्द मोडीत आहेत, कारण तेव्हा कारभाराची लिपी मोडी होती आणि कंपनीच्या नोकरांना कागद वाचायचे होते. मोडीत अक्षरं एकमेकांना जोडत एका ओढीने जातात. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांमध्ये ती तोडून सुटी करावी लागली. छापील मोडी वाचताना म्हणूनच अडखळायला होतं. हस्तलिखित मोडी सहज वाचणाऱ्यालाही त्या कोशाची पहिली दोन-तीन पानं जड जातात. आधी शिरोरेषा कुठे तुटते ते पाहा, मग अक्षर लावा. वैजनाथ शर्मांचं नाव मात्र उत्तरपत्रिकेत कॅरीइतक्याच ठळकपणे लिहा. ‘सिंहासन बत्तिशी’ आणि ‘हितोपदेश’ यांची श्रीरामपूरला छापलेली मराठी भाषांतरं त्यांची आहेत.

प्रश्न : प्रवासी कंपनीवाला थॉमस कुक लेस्टरच्याच बाप्टिस्ट चॅपेलचा होता असं वाचलं. म्हणजे कॅरीच्याच चॅपेलचा?
— एक वाचक, नवी पेठ

उत्तर : शहर एक, पंथ एक, चॅपेल वेगळं. कॅरीची मंडळी ‘पर्टिक्युलर’ बाप्टिस्ट : ख्रिस्ताचं मरण देवाने निवडलेल्यांसाठी, असं मानणारी. कुकची आर्चडीकन लेनची मंडळी ‘जनरल’ बाप्टिस्ट : ते सर्वांसाठी, असं मानणारी. १८९१ मध्ये या दोन शाखा एकत्र आल्या. कुकची ५ जुलै १८४१ची लेस्टर ते लफबरो ही पहिली आगगाडीची सहल दारूबंदीच्या सभेसाठी होती, भाडं १ शिलिंग.

प्रश्न : आमचं घराणं तीन पिढ्यांपासून इथल्या अमेरिकन मिशनच्या मंडळीतलं. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. मुलगी लग्न होऊन गेली त्या मंडळीत मोठ्या माणसाला पाण्यात पूर्ण बुडवतात. व्याही म्हणतात, तुमचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. कॅरी काय मानत होता? आणि त्यांच्या मंडळीला हौद बांधायचा आहे, मापं कळतील का?
— एक वाचक, रेल्वे लाइन्स

उत्तर : कॅरीच्या बाबतीत दोन्ही घडलं. वडील गावच्या अँग्लिकन चर्चचे कारकून, त्यामुळे १७६१ मध्ये जन्मल्यावर काही दिवसांतच त्याच्या कपाळाला पाणी लागलं. मग वयाच्या बाविसाव्या वर्षी, ५ ऑक्टोबर १७८३ रोजी, नॉर्थॅम्प्टनला नेन नदीत त्याने बुडवून बाप्तिस्मा घेतला. बाप्टिस्टांच्या मते विश्वास आधी, पाणी नंतर. बाळ विश्वास कबूल करू शकत नाही, म्हणून त्याचा बाप्तिस्मा ते धरत नाहीत. तुमचे व्याही बोलतात ते या शिकवणीतून, तुमच्या घराण्याचा अनादर म्हणून नव्हे.

तुमची परंपरा काँग्रिगेशनल. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. पुढे अहमदनगर, सोलापूर असं त्यांचं काम पसरलं. मंडळीचा कारभार सभासदांच्या हाती, ही गोष्ट ते बाप्टिस्टांप्रमाणेच मानत. फरक बाळाच्या बाप्तिस्म्याचा. त्याच तुकडीतला ॲडोनायराम जडसन अमेरिकेहून येताना जहाजावर याच प्रश्नाचा अभ्यास करत आला आणि १८१२ मध्ये कोलकात्याच्या लाल बाजार चॅपेलमध्ये कॅरीचा सहकारी विल्यम वॉर्ड याच्या हातून बुडवून बाप्तिस्मा घेऊन बाप्टिस्ट झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या आणि कॅरीच्या मिशनच्या बाप्टिस्ट मंडळ्या दोन्ही आल्या. तिथे दोन्ही पद्धती मान्य आहेत. व्याह्यांशी बोलताना याचा आधार घ्या.

आता हौद. आतली लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, खोली साडेचार फूट आणि पाणी साडेतीन फूट. पाणी कमरेच्या जरा वर हवं. उथळ हौद सोपा वाटतो, पण त्यात माणसाला जास्त खाली वाकवावं लागतं आणि उचलताना सगळं वजन पाळकाच्या पाठीवर येतं. साडेतीन फुटांत पाणीच माणूस उचलून देतं. दोन बाजूंना दोन जिने : एकाने उतरायचं, दुसऱ्याने चढायचं. पायरी ७ इंचांहून उंच नको, फरशी खरखरीत, कठडा हाताला लागेल असा.

या मापात सुमारे ५,९५० लिटर पाणी बसतं, म्हणजे जवळजवळ सहा टन वजन. म्हणून तळमजल्यावर, जमिनीत. वरच्या मजल्यावर किंवा जुन्या लाकडी व्यासपीठावर विचारही करू नका. पाच हजार लिटरच्या एका टँकरने हौद पुरता भरत नाही. मिनिटाला १५ लिटर देणाऱ्या नळाने साडेसहा तास लागतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं हे धरून टँकर आदल्या दिवशीच सांगा. वापरलेलं पाणी बागेकडे वळवायचा पाइप बांधतानाच टाकून घ्या.

गळती बहुधा तळ आणि भिंत मिळते तिथून होते. गवंड्याकडून त्या सांध्यात सगळीकडे गोलाईचा वाटा (कोपरा भरून गोल करणारी सिमेंटची पट्टी) करून घ्या, मगच टाइल्स. टाइल्स लावण्याआधी हौद भरून तीन दिवस ठेवा. पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करा आणि शेजारी पाण्याची, काठोकाठ न भरलेली एक बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. एप्रिलमध्ये सोलापुरात उघडं पाणी रोज काही मिलिमीटर आटतंच. बादलीपेक्षा हौद जास्त उतरला तरच गळती समजायची. इंग्लंडमधल्या जुन्या चॅपेलमध्ये हौद व्यासपीठाखाली असतो आणि वर फळ्या. बाप्तिस्मा झाला की लगेच फळ्या टाकल्या तर आतली वाफ कोंडून खालचे वासे कुजतात. हौद रिकामा करून, पुसून, काही दिवस उघडा ठेवायचा असतो.

थंडीचा प्रश्न आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीपुरता. इंग्लंडमध्ये १० अंशांचं पाणी ३० अंशांवर न्यायला या मापाच्या हौदाला १३८ युनिट वीज लागते, ९ किलोवॉटच्या हीटरने पंधरा तास. पाण्यात माणूस उतरण्याआधी हीटर बंद करून प्लग काढलेला आणि हीटर बाहेर ठेवलेला हवा. पाण्यात उभं राहून तारेचा माइक कोणी हातात धरू नये. अशाने पाळक दगावलेले आहेत. ही गोष्ट मंडळीच्या सूचनाफलकावर लिहून लावा.

झगा जाड कापडाचा आणि खालच्या काठात वजनाच्या पट्ट्या शिवलेल्या, नाहीतर तो पाण्यावर फुगून वर येतो. बाप्तिस्मा घेणाऱ्याने हात छातीवर जुळवावेत. पाळकाचा एक हात त्या हातांवर, दुसरा मानेखाली. गुडघे वाकवून मागे झुकायचं. पाय तळावरून सुटू देऊ नयेत, घसरतो तो तिथेच.

प्रश्न : मी बांधकाम करतो. लेस्टरचं १८४५चं चॅपेल गोल का बांधलं? गोल भिंत महाग आणि आवाजाला वाईट.
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : वास्तुकार जोसेफ हॅन्सम, ज्याच्या नावाने लंडनची दोन चाकी हॅन्सम कॅब ओळखली जाते. तिचं पेटंट त्याने १८३४ मध्ये घेतलं. तो स्वतः रोमन कॅथलिक होता, तरी बाप्टिस्टांनी त्याला बोलावलं.

बाप्टिस्ट उपासनेचा गाभा उपदेश. वेदीकडे लांबून पाहायचं नसतं, बोलणाऱ्याला ऐकायचं असतं, आणि तेव्हा माइक नव्हता. लांबट सभागृहात शेवटचा माणूस दूर पडतो. गोल सभागृहात, वर गॅलरी फिरवली की, तितकीच माणसं बोलणाऱ्याच्या बरीच जवळ बसतात. लेस्टरच्या लोकांनी मात्र त्या आकाराला लगेच ‘पोर्क पाय चॅपेल’ नाव दिलं. जवळच्या मेल्टन मोब्रे गावचा ‘पोर्क पाय’, म्हणजे डुकराचं मांस भरून भाजलेला गोल पदार्थ, तिकडे प्रसिद्ध आहे.

आवाजाबद्दलची तुमची शंका रास्त आहे. विजापूरला गोल घुमटाच्या सज्जात एका बाजूला कुजबुजलं तर समोर ऐकू येतं, ते वक्र भिंत आवाज गोळा करून फेकते म्हणून. सभागृहात हेच झालं तर एका बाकावर दोनदा ऐकू येतं आणि शेजारच्या बाकावर काहीच नाही. उपाय म्हणजे उघडी गुळगुळीत भिंत शक्य तितकी कमी ठेवणं : गॅलरीचे कठडे, खांब, लाकडी बाकं आणि भरलेलं सभागृह. माणसांचे कपडे आवाज शोषतात. रिकाम्या सभागृहात चाचणी घेऊन घाबरू नका, भरल्यावर पुन्हा ऐका.

प्रश्न : रद्दीच्या दुकानात एक जुनं इंग्रजी बायबल मिळालं. आतल्या कोऱ्या पानावर एका मुलीचं नाव, ‘१८३१, लेस्टर, हार्वी लेन’ एवढंच आहे. ती कोण हे शोधता येईल?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : येईल, आणि साल फार सोयीचं आहे. इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्या वेळी सरकारने डिसेंटर, म्हणजे अँग्लिकन चर्चबाहेरच्या, मंडळ्यांच्या जुन्या नोंदवह्या मागवून घेतल्या. त्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘आर.जी. ४’ या मालिकेत आहेत आणि वंशावळीच्या संकेतस्थळांवर नावाने शोधता येतात. शोध फुकट असला तरी पानाची प्रतिमा बघायला काही ठिकाणी पैसे पडतात.

शोधताना बाप्तिस्म्याची तारीख मागू नका. बाप्टिस्ट मंडळी बाळाची फक्त जन्मनोंद करे. बाप्तिस्मा झाला तर मोठेपणी, आणि तो नोंदवहीत नसून मंडळीच्या सभावृत्तात सापडतो. अशी वृत्तांची पुस्तकं बहुधा जिल्ह्याच्या अभिलेखागारात ठेवलेली असतात, लेस्टरशायरचं अभिलेखागार विगस्टनला आहे. तिच्या आईवडिलांचं लग्न चॅपेलच्या वहीत मिळणार नाही. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावावं लागे, म्हणून ते त्या भागातल्या पॅरिशच्या, म्हणजे अँग्लिकन चर्चच्या हद्दीच्या, वहीत बघा. आणि १८३१ हा जन्माचा नसून बायबल भेट मिळाल्याचा सन असू शकतो. रविवारच्या शाळेत बक्षीस म्हणून बायबल देत. तेव्हा १८१५ पासून पुढचे जन्म तपासा.

पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. फोटो घ्या; तिरप्या प्रकाशात कागदावर उमटलेले ओरखडे दिसतात, पुसट शाई मात्र अतिनील (यूव्ही) प्रकाशात उठून दिसते. पुस्तकात कसर असेल तर घट्ट बंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, म्हणजे दव पानांवर न बसता पिशवीवर बसतं.